आवाज आधी, बाकी सगळे नंतर

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. ड्रॉवरला कुलूप लावणार, किल्ली खिशात ठेवणार. दुसरी किल्ली कुठे आहे ते इथेसुद्धा लिहीत नाही.

कारण असं. हे ऑफिस आता माझ्या हातून सुधारणार आहे. सुधारल्यावर श्रेय घ्यायला लोक कसे पुढे येतात ते मी पाहिलेलं आहे. तेव्हा आपल्यापुरती तरी तारीखवार नोंद असलेली बरी.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. गावभरच्या लिफ्टमध्ये आमचा नंबर चिकटवलेला असतो. माणूस आत अडकला की घाबरून त्या नंबरवर फोन करतो आणि तो ताई उचलतात. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. या कंपनीत मला त्यांनी लावलं असं बायको अधूनमधून ऐकवते. मुलाखत मी दिली होती, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

ताई मला भर ऑफिसात भावजी म्हणतात. त्यामुळे साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे मला भावजी म्हणतात. माझं पद नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर आहे.

गेल्या महिन्यापासून आमचे फोन कॉम्प्युटरच्याच तारांवरून चालतात. तार एक आणि त्यात सगळ्यांची गर्दी. अकाउंटवाल्या काकांनी मोठी फाइल उघडली की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा आवाज तुटतो. उपाय मला ठाऊक आहे. उद्या करणार.

५ नोव्हेंबर, रात्री

केलं!

आपल्याच समाधानासाठी सोप्या शब्दांत लिहून ठेवतो. सगळ्या टेबलांच्या तारा एका पेटीत येतात. ती पेटी म्हणजे स्विच. तार एकच असली तरी स्विचला सांगून तिच्यात वेगवेगळ्या गल्ल्या पाडता येतात. एकीचा गडबडगुंडा दुसरीत जात नाही. अशा गल्लीला व्हीलॅन म्हणतात. मी फोनसाठी स्वतंत्र व्हीलॅन पाडली, आणि स्विचला आणि बाहेर जाणाऱ्या लाइनच्या राउटरला हुकूम दिला की या गल्लीतून जे येईल ते आधी सोडायचं. बाकी मेल, फाइली, बिलं सगळं नंतर. आवाज आधी.

संध्याकाळपर्यंत एकही कॉल तुटला नाही. ताई म्हणाल्या, समोरचा माणूस शेजारच्या खुर्चीवर बसून बोलतोय असं वाटतं. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि वा भावजी म्हणाले. काका काहीच बोलले नाहीत. नोंद घेतली आहे.

७ नोव्हेंबर, सकाळी

स्विचच्या कपाटाचं दार उघडं होतं!

मी काल जाताना लावलं होतं. बहुतेक लावलं होतं. लावलं होतंच. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, केरसुणी ठेवायला उघडलं असेल, नसेलही. असं दोन्हीकडून बोलणारा माणूस मला पटत नाही.

आत सगळं जागच्या जागी होतं. म्हणजे ज्याने उघडलं तो जाणकार आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

कपाटावर कॅमेरा बसवला. लहानसा, पांढरा. कोणी विचारलंच तर वायफायची पेटी म्हणून सांगायचं. कोणी विचारलं नाही, हेही संशयास्पद.

कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर कुठूनही दिसतं. रेकॉर्डिंग ऑफिसात ठेवत नाही, कारण ऑफिसातला माणूसच ते पुसणार. कॅमेरा बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो आणि मी त्या सर्व्हरशी. मी बघायला लागलो की पूर्ण स्वच्छ चित्र येतं आणि तिकडे साठतं, एरवी तो स्वस्थ असतो.

एकच अडचण होती. साध्या गल्लीतून चित्र अडखळत येत होतं. कपाटाकडे येणारा माणूस एकदम कपाटाकडून जाताना दिसायचा. मधला, म्हणजे महत्त्वाचा भागच गायब. पुरावा असा रखडून चालत नाही. म्हणून कॅमेरा फोनच्या गल्लीत टाकला. आता चित्र लोण्यासारखं. मला वाटतं हे असं करायचं अजून कोणाला सुचलं नसेल.

त्याच दिवशी, साडेचार

वाटलंच होतं. ताईंचा कॉल तुटला. गेले काही दिवस एकही तुटला नव्हता. मी पाळत ठेवायला लागलो आणि लगेच हल्ला! आता माझी खात्री झाली. कोणीतरी आहे.

११ नोव्हेंबर

संशयित.

काका. मी त्यांची गाण्यांची साइट बंद केली, तेव्हापासून माझ्याशी तोंडदेखलं हसतात. पूर्वी हसतच नव्हते.

सेल्सचा गोडबोल्या. हे त्याचं नाव नव्हे, गुण आहे. काल मला म्हणाला, भावजी, तुमच्यामुळे ऑफिस चाललंय. हे खरं असलं तरी त्याला म्हणायचं काय कारण?

मावशी. केरसुणी.

१२ नोव्हेंबर

काकांच्या टेबलावर एक कॅमेरा, गोडबोल्याच्या मागे एक. दोन्ही फोनच्या गल्लीत, अर्थात. आता गल्लीची सवय झाली आहे.

एका बाईचा कॉल सहाव्या मजल्यावरून आला होता. निम्मा आला. ताई अर्धा तास प्रत्येक इमारतीला उलट फोन करून विचारत होत्या, तुमची लिफ्ट बंद आहे का. मी त्या वेळी तिन्ही चित्रं एकत्र लावून बसलो होतो. काका पेन्सिलीला टोक काढत होते. गोडबोल्या जांभया देत होता. दोघेही निर्दोष दिसायचा फारच प्रयत्न करत होते.

१३ नोव्हेंबर, दुपारी दोन

मोठा शोध लागला आहे. 

मी बघत नसतो तेव्हा कॉल तुटत नाहीत. मी मोबाइल उघडून बघायला लागतो आणि कॉल तुटतो. आज पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. चूक नाही.

याचा अर्थ एकच. मी केव्हा बघतोय हे त्याला कळतं.

माणूस किती पोचलेला आहे! तो मला बघतोय. आणि मी त्याला बघत असताना बघतोय. आजपासून मोबाइल टेबलाखाली धरून बघणार.

त्याच दिवशी, पाच

टेबलाखाली धरूनही तुटला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांनी मीटिंग बोलावली. एका सोसायटीने करार मोडायची धमकी दिली आहे. अडकलेले आजोबा फोनवर ओरडत होते आणि इकडे काही कळत नव्हतं. शेवटी वॉचमनने दार उचकटून त्यांना काढलं. आजोबा बरे आहेत, पण सोसायटी बरी नाही.

साहेबांनी मला विचारलं, भावजी, यंत्रणा ठीक आहे ना. मी म्हटलं, यंत्रणेत दोष शून्य. मग ते म्हणाले, दोष यंत्रणेत नसेल तर फोन घेण्यात असेल. महिनाअखेरपर्यंत तक्रारी थांबल्या नाहीत तर हेल्पलाइन बाहेरच्या कंपनीला द्यायची. त्यांच्याकडे यंत्रच बोलतं. एक दाबा, दोन दाबा. मग इथे फोनवर माणूस लागणार नाही.

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी वहीत बघितलं.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर गुन्हेगार सावध झाला असता. ताईंसाठीच गप्प बसलो, हे त्यांना पुढे कळेल.

१६ नोव्हेंबर, रविवार, घरी

बायकोला कुठून तरी कळलंच. कुठून म्हणजे ताईंकडून. बायको म्हणाली, भाऊजींचं (म्हणजे ताईंच्या नवऱ्याचं) कंबरेचं दुखणं, ते घरी बसलेत, दोन्ही मुलींची शिक्षणं, सगळं घर ताईच्या पगारावर आहे. तिची नोकरी गेली तर? मी म्हटलं, माझं लक्ष आहे. ती म्हणाली, लक्ष असून असं होतंय का? बायकांना तांत्रिक गोष्टी समजावता येत नाहीत.

तिने विचारलं, फोन तूच लावलेस ना, मग तूच बघ ना एकदा पहिल्यापासून. मी म्हटलं, घरफोडी झाली की आपण आधी गवंड्याला पकडतो का? यावर ती उठून भांडी आवरायला गेली. पटलं असणार.

साडू संध्याकाळी काठी टेकत आले होते. माझ्यासाठी त्यांनी टीव्हीवरची मॅच लावून दिली आणि आवाज मोठा केला. चांगला माणूस. नोकरीबद्दल एक शब्द काढला नाही. मला त्याचंच वाईट वाटलं.

१८ नोव्हेंबर

दाढ दुखत होती. रजा घेतली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दिवसभर पडून होतो, मोबाइल हातात धरला नाही.

१९ नोव्हेंबर

काल दिवसभरात एकही कॉल तुटला नाही म्हणे. ताईंनी आनंदाने सांगितलं. साहेबसुद्धा खूश होते. गोडबोल्या म्हणाला, भावजी, तुम्ही रोज दाढ काढून घ्या. सगळे हसले.

मी हसलो नाही, विचार केला. मी नव्हतो, तर कॉल तुटले नाहीत. म्हणजे या माणसाचं कंपनीशी वैर नाही. त्याचं वैर माझ्याशी आहे. मी खुर्चीत असतानाच तो हे करतो, नाव माझं खराब व्हावं म्हणून.

आता प्रश्न असा. मी नाही हे काल सकाळीच सगळ्यात आधी कोणाला माहीत होतं?

रजेचा फोन मी ताईंना केला होता.

त्याच दिवशी, चार

नाही. ताई असणार नाहीत. बायकोची सख्खी बहीण.

त्याच दिवशी, साडेचार

पण फोन त्यांच्याच हातात असतो. तुटतो तो त्यांच्याच हातात.

२० नोव्हेंबर

ताईंच्या काउंटरवर कॅमेरा. समोरच्या फाइलींच्या कपाटावर, कुंडीच्या मागे. त्या जेवायला गेल्या होत्या तेव्हा लावला. त्यांनी डब्यातली भाजी माझ्या टेबलावर काढून ठेवली होती, झाकण लावून. तेवढ्यात मी कुंडी सरकवत होतो. जरा कसंतरी झालं. पण तपासात नातं आणायचं नसतं. भाजी खाल्ली.

हाही कॅमेरा फोनच्या गल्लीत. सगळ्यात स्वच्छ चित्र याचंच ठेवलं आहे. चष्म्याच्या काड्यासुद्धा दिसतात.

२१ नोव्हेंबर, दिवसभर

निरीक्षणं.

कॉल आला की ताई आधी पदर सारखा करतात. का? समोरच्याला दिसत नाही.

कॉल तुटला की रिसीव्हरकडे बघतात. जणू त्यांना आश्चर्य वाटलं. सुंदर अभिनय.

तीनच्या सुमारास एक लहान मुलगी लिफ्टमध्ये एकटी अडकली होती. ताई तिला गोष्ट सांगत होत्या असं चित्रावरून वाटलं. हातवारे करत होत्या, एकदा हत्तीच्या सोंडेसारखा हात केला. मग कॉल तुटला. ताईंनी पुन्हा लावला. पुन्हा तुटला. मी नजर हटवली नाही, पण त्यांची चोरी काही सापडली नाही. मुलगी नंतर सुखरूप निघाली, मेकॅनिकचा फोन आला. तो आल्यावर ताईंनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि डोळे पुसले.

मन खात असणार. याच्याशिवाय माणूस ऑफिसात का रडेल?

२४ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांना अहवाल द्यायचं ठरवलं आणि मेलने पाठवला. रात्री झोप नीट लागली नाही, पण कर्तव्य. शीर्षक: ध्वनिसेवेतील अंतर्गत घातपात. ताईंचं नाव घातलं नाही, फक्त काउंटरवरील व्यक्ती असं लिहिलं. काउंटरवर एकच व्यक्ती असते.

साहेब म्हणाले, उद्या मी त्या एक दाबा, दोन दाबावाल्यांकडे करार करायला चाललोय, तुम्हीही चला, वाटेत सांगा. मी म्हटलं, पुराव्यासकट सांगतो. लाइव्ह.

घरी बायकोला म्हटलं, लवकरच एक मोठी गोष्ट उघडकीला येणार आहे. ती म्हणाली, ताईची नोकरी वाचेल ना? मी म्हटलं, न्याय होईल. ती बिचारी हसली. मला भाजी जास्त वाढली. मी अर्धी ताटातच ठेवली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी

लिहू की नको. लिहितो. क्रमाने लिहितो.

ती कंपनी दहाव्या मजल्यावर. लिफ्ट आमचीच. आमचाच नंबर आत चिकटवलेला. साहेब आणि मी दोघेच आत. सातवा आणि आठवा यांच्यामध्ये लिफ्ट थांबली. दिवा गेला, छोटा दिवा आला.

साहेब घाबरले. मला वाटायचं साहेब कशाला घाबरत नाहीत. त्यांनी टायची गाठ सैल केली आणि आमच्याच नंबरला फोन लावला, स्पीकरवर. पहिल्याच रिंगला ताई. आवाज खणखणीत. म्हणाल्या, घाबरू नका, मी फोन ठेवणार नाही, तुम्ही बाहेर येईपर्यंत मी इथेच आहे, कोणत्या इमारतीत आहात? साहेबांनी इमारतीचं नाव सांगितलं, आपण कोण ते सांगितलं नाही. साहेबांचा आवाज इतका बारीक झाला होता की ताईंनाही ओळखू आला नसावा.

मला वाटलं, हीच वेळ. लाइव्ह पुरावा. मी माझा मोबाइल काढला आणि साहेबांसमोर ताईंच्या काउंटरचा कॅमेरा उघडला.

चित्र आलं. सुरेख. आणि ताईंचा आवाज तुटला.

मी म्हटलं, बघा! साहेब, बघा! आम्ही दोघांनी बघितलं. ताईंचा एक हात रिसीव्हरवर होता, दुसऱ्यात पेन. बटणाजवळ कोणताच हात नव्हता. त्या उभ्या राहिल्या होत्या. तोंड मोठं उघडून बोलत होत्या, एकेक शब्द सुटा करून. गोडबोल्या मागे काहीतरी बडबडत होता, त्याला त्यांनी डोळे वटारून गप्प केलं. स्पीकरमधून खर्र, मग एक अक्षर, मग खर्र. ताईंनी फोन ठेवला नाही. कानाला आणखी घट्ट लावला.

त्यांच्या चष्म्याच्या काड्या दिसत होत्या. आवाज मात्र येत नव्हता.

साहेब ओरडले, ते बंद करा आधी, इथे जीव जातोय. मी मोबाइल बंद केला. आवाज आला. स्वच्छ. ताई म्हणत होत्या, हॅलो, आता ऐकू येतंय का, मी अजून लाइनवर आहे.

एक विचार डोक्यात आला. मी तो लगेच बाजूला केला.

पुन्हा मोबाइल उघडला. खर्र. बंद केला. ताई. उघडला. खर्र. बंद केला. ताई, थकलेल्या, तरीही तोच शांत सूर. म्हणाल्या, हे बघा, असं होतंय इथे हल्ली, पण मी आहे.

तो विचार परत आला आणि या वेळी बसूनच राहिला. आवाज आधी, असा हुकूम मी त्या गल्लीला दिला होता. आणि मग गल्लीत माझे कॅमेरे उभे केले. बाहेर जाणारी लाइन आमची अरुंद. मी बघायला लागलो की चित्रं आधी, आणि ताई त्यांच्या मागे, रांगेत.

बघणारा एकच माणूस होता. तोच तोडत होता.

 तेवढ्यात साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांच्या आवाजात भीती नव्हती. म्हणाले, भावजी, मेहुणीवर कॅमेरा का लावलाय? चोरून? आणि ऑफिसच्या वेळात हे तुम्ही मोबाइलवर बघत बसता?

माझ्यापुढे दोनच रस्ते होते. एक, साहेब जो संशय घेत होते तो माणूस व्हायचं. दोन, खरं सांगायचं. बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी दुसरा रस्ता धरला. मेकॅनिक येईपर्यंत त्या अंधुक पेटीत मी साहेबांना व्हीलॅन समजावली. गल्ली, हुकूम, कॅमेरे, कपाटाचं दार, सगळं. पहिल्यांदाच त्यांना ती पूर्ण समजली. साहेबांचा फोन चालूच होता, स्पीकरवर. ताई लाइनवर होत्या. त्यांनी शब्द दिला होता, फोन ठेवणार नाही म्हणून.

सगळं ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, मेकॅनिक सातव्यावर पोचलाय, दारापासून जरा मागे व्हा.

२६ नोव्हेंबर

सगळे कॅमेरे काढले. सकाळपासून एकही कॉल तुटला नाही.  काकांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि ती पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवून गेले. याचा अर्थ काय ते कळलं नाही. काही अर्थ नसेलही.

ताई जेवणाच्या सुट्टीत आल्या. विचारलं, माझ्या काउंटरवरचा कधीपासून होता? मी म्हटलं, वीस तारखेपासून. त्यांनी मनात काहीतरी मोजलं. म्हणाल्या, त्या मुलीच्या दिवशी होता मग. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, भावजी, मी खुर्ची भिंतीकडे वळवते तेव्हा कोणी बघू नये म्हणूनच वळवते ना?

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. माफी मागायला तोंड उघडलं, पण फोन वाजला आणि त्या पदर सारखा करत गेल्या.

घरी बायकोने ताट वाढलं. पाणी ठेवलं नाही. मी स्वतःहून पाणी घेतलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बाहेरच्या कंपनीचा करार रद्द. साहेब म्हणाले, मी आत अडकलो होतो तेव्हा मला एक दाबा म्हटलं असतं तर मी काय दाबणार होतो? हेल्पलाइन इथेच राहणार आणि ताई तिच्या प्रमुख. पगारवाढसुद्धा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. मनापासून वाजवल्या, पण उशिरा सुरू केल्या, त्यामुळे शेवटी एकट्याच्या ऐकू आल्या.

मग साहेबांनी मला आत बोलावलं. मी म्हटलं, अहवाल परत घेतो. ते म्हणाले, कुठला अहवाल? मी उघडलाच नव्हता. नेटवर्क आता महिन्यातून एकदा बाहेरचा माणूस येऊन बघेल. तुम्हाला काढत नाही, कारण तुमच्या मेहुणीने तुमच्यासाठी शब्द टाकलाय. सोमवारपासून हेल्पलाइनवर बसा. ताईंच्या हाताखाली.

म्हणजे दुसऱ्यांदा त्यांनीच लावलं. मुलाखत या वेळी नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार

नवी खुर्ची. ताईंच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला. समोर एक फोन. संकल्प: प्रत्येक कॉल शांतपणे, सौजन्याने, तज्ज्ञाच्या अधिकाराने हाताळायचा. ताईंपेक्षा कमी वेळात. आठवडाभरात साहेबांना फरक दिसेल.

पहिला कॉल अकराच्या सुमारास. ताई चहाला गेल्या होत्या. एक आजी, कुठल्याशा इमारतीत चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. मी पदर नाही, पण कॉलर सारखी केली. म्हटलं, घाबरू नका, ही लाइन संपूर्ण सुरक्षित आहे, तुमच्या आवाजाला आमच्या नेटवर्कवर सर्वोच्च प्राधान्य आहे.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बाळा, तिथे त्या ताई असतात ना, त्यांना दे रे फोन.

एक अक्षरही तुटलं नाही. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि ताईंना बोलवायला गेलो.